स्कनेक्टडी ते ऑल्बनी: एका किल्लीसाठी

पाणी माणसाला खरं बोलायला लावतं, असं जलप्रवास केलेली माणसं गंभीर चेहऱ्याने सांगतात. सप्टेंबरच्या अखेरीला मी अमेरिकेतल्या एका कालव्यावर चार दिवस बोटीत राहिले. बोटीवर आम्ही चौघं होतो. त्यातली दोघं पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होती, दुसऱ्या दिवशी मी त्यांना सामील झाले, आणि साडेतीन दिवस पाण्याने त्याबद्दल काहीही केलं नाही.

पार्सिपनी

मी नागपूरची. एका कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं पुस्तकं जागेवर लावली आणि निवृत्त झाले. मुलगी न्यू जर्सीत पार्सिपनीला नोकरी करते, तिच्याकडे मे महिन्यात गेले होते. पार्सिपनीत गाडी नसलेला माणूस म्हणजे फूटपाथ नसलेल्या रस्त्यावरचा पादचारी. ही उपमा नाही. तिथे बऱ्याच रस्त्यांना खरोखरच फूटपाथ नाहीत.

माझी सोय डॉ. अच्युत पेंडशांनी केली. वय एकोणऐंशी, हाडांचे निवृत्त सर्जन, तरुणपणी अमेरिकेत आलेले. ते आणि त्यांच्या पत्नी शैलाताई मला दर शनिवारी गाडीतून लायब्ररीत आणि तिथून भारतीय किराण्याच्या दुकानात नेत. डॉक्टर गाडी चालवत, शैलाताई शेजारी बसून अखंड बोलत, आणि मी मागे बसून दोघांचं ऐकत असे. शैलाताईंना गाडी येत नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी अबोला झाला आणि शिकवणी तिथेच संपली.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी गाडी मागे घेताना गराजचं दार वाकवलं. मुलगा निखिल नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलहून आला. तो औषधांच्या कंपनीत क्वालिटी ऑडिटर आहे, म्हणजे इतरांच्या चुका शोधून रकान्यात भरणं हा त्याचा व्यवसाय. जेवणाच्या टेबलावर त्याने वडिलांकडे गाडीची किल्ली मागितली. मी त्यांच्याकडे माझी भाजी न्यायला गेले होते, ती जेवूनच उठले.

"बाबा, इट्स नॉट अबाउट रिस्पेक्ट. इट्स अबाउट द गराज डोअर."

"गराजचं दार अरुंद आहे," डॉक्टर म्हणाले.

"तीस वर्षं तेवढंच आहे ते."

"तीस वर्षांत एकदा लागलं. तुमच्या कंपनीत हे प्रमाण चालतं का?"

निखिलने गाडीने पाडलेल्या मेलबॉक्सचाही उल्लेख केला. डॉक्टरांनी तो शेजाऱ्यांचा होता हे निदर्शनास आणलं. मग ते उठले, हात मागे बांधले आणि म्हणाले की आपले आजोबा हर्णैच्या बंदरात गलबतं हाकत असत. आपण चार दिवस पंचेचाळीस फुटी बोट चालवून दाखवू. बोटीला एक धक्का लागला, तर किल्ली निखिलची. नाही लागला, तर हा विषय त्या घरात पुन्हा निघणार नाही.

मला वाटलं, निखिल हसेल. पण त्याने फोन काढला आणि तक्ता तयार केला: दिवस, ठिकाण, घटना. "फाइन," तो म्हणाला. "पण मी बोटीवर असणार. मी काही बोलणार नाही. फक्त बघणार."

ज्याला गाडी चालवता येत नाही, त्या माणसाला तिथे भाजी आणायलाही परवानगी मागावी लागते. मी ते तीन महिने करत होते, म्हणून डॉक्टरांचा चेहरा मला कळला. शैलाताई त्या वेळी कोबी चिरत होत्या आणि गप्प होत्या. मला वाटलं, त्या रागावल्या आहेत. त्या विचार करत होत्या.

दोर धरायला चौथं माणूस हवं, म्हणून मला बोलावण्यात आलं.

स्कनेक्टडी

न्यूयॉर्क राज्यात ईरी नावाचा कालवा आहे. दोनशे वर्षांपूर्वी तो खणला तेव्हा खेचरं काठावरून बोटी ओढत. आता खेचरांची जागा निवृत्त लोकांनी घेतली आहे. स्कनेक्टडीपाशी कालवा आणि मोहॉक नदी एकच होतात, आणि तिथे वॉल्ट नावाच्या गृहस्थांची बोट बांधलेली होती: इंग्रजी धाटणीची, लोखंडी, पंचेचाळीस फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद. नागपूरच्या आमच्या घरातला पॅसेज पाण्यावर सोडला तर तो असाच दिसेल. वॉल्टना ती थंडीसाठी ऑल्बनीला न्यायची होती आणि आम्हाला ती ऑल्बनीपर्यंत हवी होती.

बोटीचं नाव मार्लीन. हे वॉल्टच्या पहिल्या बायकोचं नाव. दुसऱ्या बायकोने ते बदलू दिलं नाही, कारण बोट गळते.

डॉक्टर कप्तानाची पांढरी टोपी घालून आले होते. त्यांनी प्रत्येकाच्या कामांची यादी छापून, प्लॅस्टिकमध्ये बसवून आणली होती. डॉक्टर: कप्तान. निखिल: पुढचा दोर. मी: मागचा दोर. शैलाताई: स्वयंपाक व मनोधैर्य. मग नारळ फोडण्याचा कार्यक्रम झाला. मी नारळ फोडत नाही आणि फोडणाऱ्यांना अडवत नाही. आम्हा बौद्ध मंडळींना अशा प्रसंगी बहुधा कॅमेरा धरायला देतात, तसा मलाही देण्यात आला. बोटीच्या लोखंडी टोकावर नारळ पहिल्याच फटक्यात फुटला आणि अर्धा पाण्यात गेला. वॉल्टनी तो काठीने काढून परत दिला, कारण कालव्यात कचरा टाकायला बंदी आहे.

बोट मागच्या बाजूने, उभं राहून, एका लांब दांडीने वळवतात. दांडी डावीकडे ढकलली की बोट उजवीकडे जाते, उजवीकडे ढकलली की डावीकडे. वॉल्टनी हे तीनदा सांगितलं.

"ती फार हळू जाते," ते म्हणाले. "ज्याला धडकाल, त्याची आधी माफी मागायला वेळ मिळेल."

आम्ही निघालो. वेग माणसाच्या चालण्याहून किंचित जास्त. काठावरचा एक म्हातारा कुत्र्याला घेऊन फिरत होता, तो बराच वेळ आमच्या बरोबरीने चालला. त्याने हवामानाबद्दल आपलं मत पूर्ण सांगितलं आणि मग पुढे निघून गेला.

त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच की शैलाताई निसर्गप्रेमी निघाल्या. स्वयंपाकघरात जायला त्या तयारच होईनात. डॉक्टरांच्या शेजारी स्टुलावर बसून मांडीवरच्या ताटात शेंगा सोलत त्यांचं चालू होतं: "अहो, उजवीकडचं ते झाड बघा, कसं पाण्यावर आलंय! सुरेख!" थोड्या वेळाने, "डावीकडे बघा, काय छान छोटी होडी!" निखिलने तासाभरात कानात हेडफोन घातले. आईचं बोलणं न ऐकण्याचा त्याला पंचेचाळीस वर्षांचा सराव होता.

लॉक नंबर सात

आमच्याकडे कालव्याला पाणी कधी सोडायचं यावर आमदार निवडून येतात आणि पडतात. इथे कालवा कायम भरलेला असतो, आणि काठावरच्या एकाही माणसाने त्यात मोटर टाकलेली नाही. हे पाणी कशासाठी आहे, असं मी निखिलला विचारलं. तो म्हणाला, "रिक्रिएशन." हा देश श्रीमंत आहे, हे मला तिथल्या इमारती बघून तितकंसं पटलं नव्हतं; ते हे निव्वळ बघण्यासाठी ठेवलेलं पाणी पाहून पटलं.

नदीला उतार असल्यामुळे बोट खाली उतरवायला ठिकठिकाणी लॉक आहेत. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट: दोन दारांमधली सिमेंटची खोल पेटी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी सोडून द्यायचं, बोट खाली गेली की पुढचं दार उघडायचं. भिंतींवरून दोर लोंबत असतात. ते नुसते हातात धरायचे, बांधायचे नाहीत, कारण बोट खाली जात असते आणि भिंत जात नाही.

लॉक उघडून घ्यायला रेडिओवर सांगावं लागतं. चार दिवसांत डॉक्टरांना सर्वात जास्त आनंद या रेडिओने दिला. "लॉक सेव्हन, लॉक सेव्हन, धिस इज मोटर व्हेसल मार्लीन, कॅप्टन पेंडसे कमांडिंग, रिक्वेस्टिंग परमिशन टू डिसेंड."

पलीकडून आवाज आला, "हो, दिसताय तुम्ही. या."

लॉक सांभाळणारी बाई डोना. तिने लॉकच्या कडेने टोमॅटो लावले होते, आणि पाणी उतरायला लागल्यावर वरून आमच्याशी त्यांच्याबद्दल बोलत होती. बोलता बोलता ती एकदम ओरडली. निखिलने पुढचा दोर खुंटाला दोन वेढे देऊन पक्का केला होता. बोटीचं तोंड वरच राहिलं, बूड खाली जायला लागलं, आणि आतून चहाचं आधण, मेतकुटाची बरणी आणि माझा चष्मा घरंगळत मागे आल्याचा आवाज झाला. "सोड! सोड तो!" डोना आणि शैलाताई दोन भाषांत एकदम ओरडल्या. निखिलने घाईने वेढे काढले आणि मार्लीन दाणकन सरळ झाली.

"हा धक्का तक्त्यात?" डॉक्टरांनी अतिशय मृदू आवाजात विचारलं.

"दॅट डझन्ट काउंट. मी ऑब्झर्व्हर आहे."

"बरं. ऑब्झर्व्हरने दोर बांधला, अशी नोंद कर."

डोनाने जाताना आठ टोमॅटो दिले. शैलाताईंनी दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली, थालीपिठं लावली, आणि निखिलने सावजी मसाला घालून माझ्यासाठी व स्वतःसाठी अंडी परतली. तो मसाला नागपूरहून सोबत आलेला एकमेव पदार्थ होता. निखिलच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने तक्ता त्या दिवसापुरता बंद केला.

क्रेसेंट

दुसऱ्या दिवशी नदी रुंद झाली. मेपलची झाडं नुकती लाल व्हायला लागली होती, पाण्यावर बगळे उभे होते, आणि शैलाताईंच्या कौतुकाला खरोखर विषय मिळाला. पण मला ग्रंथालयातली सवय. एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात दिसलं की मला चैन पडत नाही. दुपारी पात्राच्या डाव्या अंगाला गाळ काढणारा एक तराफा नांगरलेला होता: गंजलेला, काळ्या चिखलाने माखलेला, वर मोडकं क्रेन.

"अहो," शैलाताई म्हणाल्या, "डावीकडे बघा हो, काय सुंदर आहे!"

डॉक्टरांनी डावीकडे बघितलं नाही. त्यांनी दांडी डावीकडे ढकलली. मार्लीन सावकाश उजवीकडे वळली आणि तराफ्यापासून वीस हातांवरून गेली.

त्यानंतर मी तासभर कान देऊन ऐकलं. बगळ्यांबद्दल शैलाताई एक शब्द बोलल्या नाहीत. लाल मेपलखालून जाताना त्या लसूण सोलत होत्या. कौतुक झालं ते एका बुडालेल्या ओंडक्याचं, एका पुलाच्या खांबाचं आणि उलट्या दिशेने आलेल्या एका बेफाम मोटरबोटीचं. ज्या बाजूचं कौतुक, त्या बाजूला दांडी.

आणि मग मला पार्सिपनीतले शनिवार आठवले. "अहो, तो लाल दिवा काय झगझगतोय!" "अहो, उजवीकडे शाळेची मुलं, किती गोड!" मी मागच्या सीटवर बसून, या बाईंना अमेरिका अजून एवढी नवी वाटते याचं नवल करत असे.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात पोहे भिजवताना मी त्यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"मधलं दिसत नाही त्यांना," त्या हळू म्हणाल्या. "कडेचं दिसतं. उजवं दिसतं, डावं दिसतं, मधोमध धूसर. दोन वर्षं झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाडी बंद करा. हे म्हणाले, तो पोरगा आहे, माझ्यापुढे शिकलाय."

"शैलाताई, आणि तुम्ही शेजारी बसता?"

"मी नाही बसले तर ते एकटे जातील. मी असते तेव्हा निदान चार डोळे असतात. फक्त दिवसा जातो. फक्त किराणा आणि लायब्ररी." कढईत मोहरी तडतडली. "तुम्ही निखिलला सांगणार का, लताताई?"

मी म्हटलं, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. हे मी मैत्रीपोटी म्हटलं असं तेव्हा वाटलं. पण किल्ली गेली असती तर माझेही शनिवार गेले असते, आणि नागपूरला परतायला अजून दीड महिना होता. पुढच्या खेपेला आपण पायी जाऊ, असं ठरवून मी विवेकाची समजूत घातली. फूटपाथ नसल्याचं मी वर सांगितलंच आहे.

वॉटरफर्ड

मोहॉक नदी हडसनला मिळते तिथे दीड मैलात ओळीने पाच लॉक आहेत. पाच पेट्या पाण्याच्या, एकीखाली एक. मध्ये थांबता येत नाही. दोन तास आम्ही खाली जात राहिलो, भिंती वर जात राहिल्या, आणि निखिलने या वेळी दोर इतक्या हलक्या हाताने धरला की तो दोनदा पाण्यात पडला. शैलाताईंनी पाचही लॉकच्या भिंतींचं, दोन्ही बाजूंचं, आळीपाळीने आणि जीव तोडून कौतुक केलं. त्यांचा आवाज बसला. मार्लीनला एक ओरखडा आला नाही. तक्ता रिकामा होता.

खाली वॉटरफर्डच्या धक्क्यावर बऱ्याच बोटी बांधलेल्या होत्या. अमेरिकेत घराचं कुंपण ओलांडून कुणी मीठ मागायला येत नाही, पण बोट बांधली की तीच माणसं खुर्च्या घेऊन शेजारी येऊन बसतात. व्हरमाँटहून आलेलं एक म्हातारं जोडपं, हॅल आणि जून, चीज आणि बिस्किटं घेऊन आलं. शैलाताईंनी पोह्यांचा चिवडा दिला. हॅलने तो चमच्याने खाल्ला.

डॉक्टर टोपी घालून बसले होते. त्यांनी हर्णैच्या आजोबांपासून सुरुवात केली. गोष्ट पाचव्या लॉकपर्यंत येईपर्यंत आजोबांकडची गलबतं चार झाली होती. निखिलही ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. "ही डिड इट, मॅन," तो हॅलला म्हणाला. "मला वाटलं नव्हतं."

जूनने शैलाताईंकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही यांच्या उपकप्तान का?"

शैलाताई काही बोलायच्या आत डॉक्टर हसून म्हणाले, "ही? छे! बोटीतलं हिला काय कळतंय? ही आमचं मनोरंजन. झाडं बघते आणि बडबडते."

सगळे हसले. शैलाताईही हसल्या. चिवड्याचा डबा त्यांनी झाकण लावून बंद केला. हॅलचा हात अर्ध्या वाटेत होता.

हडसन

सकाळी मी उठले तेव्हा बोटीवर अबोला सुरू झाला होता. ज्यांनी मराठी घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: अबोल्यात भांडण नसतं. चहा वेळेवर मिळतो, साखर बरोबर असते.

"लताताई, त्यांना सांगा चहा झालाय."

"मेश्रामबाई," डॉक्टर मला म्हणाले, "तिला सांगा, मला ऐकू येतं."

"लताताई, त्यांना सांगा, ऐकू येतं हे माहितीय. तेवढंच येतं."

निखिलने विचारलं, "लतामावशी, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, काही नाही, हवामान. त्याला ते पुरेसं वाटलं. तो पुढे जाऊन बसला.

ट्रॉयचं लॉक हे शेवटचं. त्याच्या खाली हडसन नदीला भरती-ओहोटी आहे. समुद्र दीडशे मैल दूर, तरी पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. ओहोटीबरोबर निघा, म्हणजे नदीच तुम्हाला नेईल, असं वॉल्टनी लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी काठावरच्या ओल्या दगडांचा वास घेतला आणि "खाडी!" म्हणाले. ते कौतुक मात्र नुसतं कौतुकच होतं.

लॉकमधून बाहेर पडलो आणि तीन दिवस चालत असलेली मार्लीन धावायला लागली. ओहोटीने तिला उचललं होतं. काठावरचे कारखाने, पूल, बंद पडलेल्या गोद्या भराभर मागे जायला लागल्या. निखिल पुढून ओरडला, "बाबा, ताशी सात मैल! अँड झीरो इन्सिडेंट्स!"

शैलाताई स्टुलावर बसल्या होत्या, पण मागे तोंड करून, हाताची घडी घालून. त्या आलेला रस्ता बघत होत्या. डॉक्टर ताठ उभे होते. पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांची नजर समोर नसतेच. मान किंचित तिरकी करून ते डोळ्याच्या कोपऱ्यातून नदी गोळा करत होते.

समोर, अगदी मधोमध, हिरवा बोया होता. बोया म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा, साखळीने तळाशी बांधलेला लोखंडी पिंप. हा आमच्या फ्रिजएवढा होता. ओहोटीच्या ओढीने तो पलीकडे कलला होता आणि त्याच्यापुढे पाणी असं फुटत होतं की जणू तोच आमच्यावर चालून येतोय.

मी शैलाताईंकडे बघितलं. त्या मागची नदी बघत होत्या. मग मीच प्रयत्न केला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तो हिरवा पिंप... फार छान आहे."

"कुठे?"

"समोर."

डॉक्टरांनी दांडी सरळ धरली. समोरच्या गोष्टीचं कौतुक झालं तर काय करायचं, हे त्यांच्यात ठरलेलं नव्हतं.

"खूपच छान आहे!" मी ओरडले. "शैलाताई!"

शैलाताईंनी मान वळवली. त्यानंतर जे झालं त्यात कौतुक अजिबात नव्हतं. "अहो, मेलं डोक्यावर आलं ते! तिकडे! उजवीकडे ढकला दांडी! सोडा, सोडा मला ती!" त्यांनी डॉक्टरांना खांद्याने बाजूला सारलं, दोन्ही हातांनी दांडीवर पडल्या आणि ती उजवीकडे लोटली. मार्लीनचं तोंड डावीकडे वळलं. तोंड वाचलं. उरलेले चाळीस फूट बोयाच्या अंगावरून सावकाश, शेवटच्या इंचापर्यंत, घासत गेले. तो आवाज मी लिहू शकत नाही. ग्रंथालयात लोखंडी कपाट फरशीवरून ओढतात, त्याच्या शंभरपट. मग आम्ही पुढे गेलो, आणि बोया मागे डुलत राहिला.

निखिल मागे आला. त्याच्या हातात फोन होता, पण त्याने काही लिहिलं नाही.

"आई," तो म्हणाला, "यू वेअर टेलिंग हिम. झाडं, पूल, सगळं. ऑल धिस टाइम?"

"हो."

"गाडीत पण?"

"गाडीत पण."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. ओरडू नकोस, मला बोट चालवायचीय."

निखिल ओरडला नाही. तो खाली बसला. "तू त्या गाडीत होतीस, आई," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी तू बोलायची थांबली असतीस तर?" त्याचं उत्तर आम्ही आत्ताच पाहिलं होतं. मग तो माझ्याकडे वळला, "लतामावशी, तुला माहीत होतं?" मी म्हटलं, परवापासून. त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं तो कंपन्यांकडे बघत असणार.

डॉक्टर स्टुलावर बसले होते. शैलाताईंच्याच स्टुलावर. मग म्हणाले, "उजवा काठ जवळ येतोय का?"

"नाही. गप्प बसा."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

ऑल्बनी

शैलाताईंनी आठ मैल बोट चालवली. सुरुवातीला मार्लीन दारू प्यायल्यासारखी गेली. पुढे ती बरी जायला लागली. मालवाहू तराफे ढकलणारी एक मोठी बोट समोरून आली, तिने भोंगा वाजवला. शैलाताईंनी "आले, आले," म्हणत तिला वाट दिली. ऑल्बनीच्या अलीकडच्या धक्क्याला बोट लावायला त्यांना चार प्रयत्न लागले. तिसऱ्या प्रयत्नात आम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटीपाशी पोचलो होतो, आणि त्या माणसाने आमचा दोर धरून विचारलं की आपली ओळख आहे का. चौथ्या वेळी मार्लीन धक्क्याला टेकली, निखिलने दोर बांधला, आणि या वेळी ते बरोबर होतं.

वॉल्ट येऊन थांबले होते. बोटीच्या कुशीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटलेला हिरवा पट्टा त्यांनी खाली वाकून पाहिला.

"हा रंग सरकारचा आहे," ते म्हणाले. "माझा खाली शाबूत आहे." आणि ते सामान उतरवायला लागले.

निखिल वडिलांपुढे उभा राहिला. त्याने हात पुढे केला नाही, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. डॉक्टरांनी स्वतःच खिशातून किल्ली काढली, टोपी नीट केली आणि बोलायला सुरुवात केली.

"पन्नास वर्षं मी या देशातले रस्ते वापरले. आज कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण विचारांती, स्वेच्छेने..."

"इकडे द्या," शैलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी किल्ली घेऊन पर्समध्ये टाकली.

"आई, यू डोन्ट ड्राइव्ह," निखिल म्हणाला.

"सकाळी बोट पण चालवत नव्हते."

"तू चौऱ्याहत्तर वर्षांची आहेस!"

"मग लवकर शिकव."

डॉक्टरांचं भाषण अर्धंच राहिलं. उरलेलं त्यांनी परतीच्या वाटेवर, निखिलच्या शेजारी बसून, चौथ्या की पाचव्या टोलनाक्यानंतर पूर्ण केलं असावं. मागच्या सीटवर आम्हा दोघींना झोप लागली होती.

मी नोव्हेंबरात नागपूरला परतले. तोपर्यंत दर शनिवारी माझ्या मुलीने आम्हा तिघांना किराण्याला नेलं. शैलाताईंनी लेखी परीक्षा दिली, डोळ्यांची चाचणी दिली, थंडीभर एका शिकवणाऱ्या बाईबरोबर सराव केला, आणि फेब्रुवारीत दुसऱ्या प्रयत्नात त्यांना गाडीचा परवाना मिळाला. निखिलने मला तो फोनवर पाठवला. फोटोत त्यांचे डोळे अर्धे मिटलेले आहेत.